अब्वोंगच्या मच्छरदाण्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या भागाचे प्रमुख, आदरणीय श्री. येकोयाडा एबोंग साहेब. जिल्ह्याहून वेळ काढून आलेल्या आरोग्य अधिकारी डॉ. पामेला अचेन, व्यासपीठावर रंगीत कागद लावलेल्या खुर्चीत अवघडून बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, निवृत्त होणाऱ्या आपल्या आरोग्यसेविका श्रीमती डोरकास अपीली, वांगनाम आरोग्य केंद्रातले माझे सहकारी, दाराशी उभ्या राहिलेल्या, खिडक्यांवर बसलेल्या आणि बाहेर आंब्याखाली सतरंज्या टाकून बसलेल्या सरोवरकाठच्या अकरा गावांतल्या बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना जोएल ओगवालचा नमस्कार.

प्रत्येक वक्त्याला पाच मिनिटं ठरली आहेत. अध्यक्षमहोदय, मला जरा जास्त लागतील. तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत तरी मी थांबणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सकाळपासून मी ही गर्दी मोजतो आहे. मोजणं हाच माझा धंदा. अठ्ठावीस वर्षं मी काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरतो, रंगवतो, वाळवतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली घालून त्यात मलेरियाचे किती जंतू आहेत ते मोजतो. तर आज सभागृहात आणि बाहेर मिळून सहाशेच्या वर माणसं आहेत. पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन तेव्हा किती येतील? माझी बायको येईल. चहा आहे असं कळलं तर रखवालदार येईल.

तुम्ही हसलात, बरं झालं. कारण आता मी जे सांगणार आहे ते ऐकायला मन थोडं सैल असावं लागतं. मित्रहो, मी या बाईंचा हेवा करतो. अठ्ठावीस वर्षं करतो आहे. आज हार घालतानाही केला.

आम्ही एकाच आठवड्यात इथे रुजू झालो. मी आलो सूक्ष्मदर्शकाची पेटी मांडीवर घेऊन, ती आली सायकलवर. त्या काळी आपल्याकडे पक्की समजूत होती की हिवताप आंबे खाल्ल्याने येतो. पाऊस, आंबे आणि ताप एकदमच यायचे, त्यामुळे लोकांचंही काय चुकलं? मी चर्चच्या अंगणात सूक्ष्मदर्शक मांडला. तास-दीड तास एकेकाला डोळा लावायला सांगितला. हा बघा जंतू, डासाची मादी चावते तेव्हा हा रक्तात शिरतो, दहा-पंधरा दिवसांनी ताप येतो. लोकांनी डोळा लावला, मान डोलावली आणि घरी जाऊन पोरांच्या हातातले आंबे काढून घेतले.

दुसऱ्या दिवशी डोरकास आली. तिने विचारलं, "या गावात यंदा एकही आंबा न खाल्लेला कोण आहे?"

सगळ्यांनी म्हाताऱ्या अकाकीकडे बोट दाखवलं. त्याच्या तोंडात एकही दात नव्हता आणि आंब्याच्या वासानेही त्याला मळमळायचं.

"आजोबा, तुम्हाला ताप आला होता?"

"दोनदा. दुसऱ्यांदा तर कफन शिवायला टाकलं होतं पोरांनी."

"मग यांनी कुठला आंबा खाल्ला?" एवढंच तिने विचारलं आणि ती सायकलवर बसून निघून गेली. त्या दिवसापासून आंब्याची गोष्ट संपली. मी पेटी बांधली आणि तिच्या सायकलच्या चाकांच्या खुणांकडे बघत राहिलो. हेवा तिथे सुरू झाला.

आपल्या जन्मनोंदीत आजवर एकोणीस डोरकास आहेत. जोएल एकही नाही. तुम्ही मला रक्तवाला म्हणता. मला पाहिलं की मुलं आईच्या पाठीमागे लपतात, हिला पाहिलं की पुढे धावतात. माझ्या स्वतःच्या आईचं सांगतो. मी तिला मच्छरदाणी नेऊन दिली, स्वतः खिळे ठोकले, टांगली. महिन्याने गेलो तर मच्छरदाणी घडी करून ट्रंकेत. म्हणे, "नवीकोरी आहे, पाहुण्यांना ठेवलीय." मी रागावलो, उपयोग झाला नाही. मग डोरकास एकदा वाटेत तिच्याकडे थांबली, शेंगदाण्याची चटणी लावून रताळं खाल्लं, गप्पा मारल्या आणि गेली. त्या दिवसापासून आई मच्छरदाणीत.

मी म्हटलं, "आई, मीही हेच सांगत होतो."

आई म्हणाली, "तू सांगतोस तेव्हा मला आजारी असल्यासारखं वाटतं. ती सांगते तेव्हा घर आवरल्यासारखं वाटतं."

आता आईनेच असं म्हटल्यावर माणसाने जायचं कुठे?

परवा डोरकासने मला बजावलं की भाषणात माझं कौतुक कमी कर आणि पाऊस तोंडावर आला आहे तर कामाचं सांग. म्हणून सांगतो. ताप आला की त्याच दिवशी बोटाचं रक्त तपासून घ्या. गोळ्या तीन दिवसांच्या असतात, त्या तीनही दिवस घ्या. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या पुढच्या तापासाठी चोळीच्या गाठीत बांधून ठेवू नका. गरोदर बाईने दवाखान्यातला डोस चुकवू नये. पोराला झटके आले, तळहात पांढरे पडले तर वाट पाहू नका. आणि मच्छरदाणी खोचून झोपा. बाई, हे झालं.

आता माझं.

डोरकासचं काम माझ्या आकड्यांवर चालायचं, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नाही. हा ताप सगळीकडे सारखा येत नाही. दलदलीकडच्या गावात पेटतो, टेकडीकडे थंड असतो. या महिन्यात इथे, पुढच्या महिन्यात तिथे. कुठे पेटतो आहे ते आधी माझ्या काचपट्ट्यांना कळतं. म्हणून दर शुक्रवारी मी गाववार एक चिठ्ठी काढायचो. कुठल्या गावच्या किती जणांचं रक्त तपासलं, कितींत जंतू सापडले. ती चिठ्ठी बघून डोरकास सायकल कुठल्या दिशेला वळवायची ते ठरवायची. अशा अकरा वर्षांच्या चिठ्ठ्या मी तिला दिल्या होत्या, एक शुक्रवार न चुकता.

नऊ वर्षांपूर्वी तिला कंपालाला बोलावलं. मोठा सत्कार झाला. आम्ही सगळे केंद्रात रेडिओभोवती बसलो होतो. निवेदक म्हणाला, डोरकासबाईंनी गावोगावचे आकडे इतके चोख ठेवले की देशाने त्यांच्याकडून शिकावं. डोरकासबाईंचे आकडे. माझ्या शेजारी बसलेली परिचारिका टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या.

डोरकास परत आली ती माझ्यासाठी एक पेन घेऊन. चांगला होता, डबीतला. तिने प्रेमाने आणला असेल. मला मात्र दिसलं ते एवढंच की ही सत्कार घेऊन आली आणि मला पेन दिला, पुढचे आकडे लिहायला. डबी मी खणात टाकली. आणि मनाशी म्हटलं, आता बघू बाईंचे आकडे कुठून येतात.

त्या शुक्रवारी मी चिठ्ठी काढली नाही.

ती दारात आली. "ओगवाल, या आठवड्याचं?"

"काढतो. काम फार आहे."

दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा आली. "झालं का?"

"देतो म्हटलं ना."

तिसऱ्या शुक्रवारी तिने निरोप पाठवला. मी निरोपाला उत्तर दिलं नाही. हे तीन आठवडे ती सरोवराच्या पलीकडच्या गावांत फिरत होती, कारण माझ्या शेवटच्या चिठ्ठीत तिकडचे आकडे वाढलेले होते.

आणि माझ्या नोंदवहीत काय होतं, ते आज पहिल्यांदा मोठ्याने वाचतो. अब्वोंग गाव. पहिला आठवडा, चाळीस तपासले, नऊंत जंतू. दुसरा आठवडा, एक्केचाळीस तपासले, सतरा. तिसरा आठवडा, त्रेचाळीस तपासले, अठ्ठावीस. हे मी माझ्या हाताने लिहिलं. मला दिसत नव्हतं असं नाही. सगळ्या जिल्ह्यात ते फक्त मलाच दिसत होतं. मनात यायचं की आज जाऊन सांगावं. लगेच दुसरं मन म्हणायचं, सांग, म्हणजे पुढच्या वर्षी आणखी एक सत्कार होईल तिचा.

चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी अब्वोंगहून मिल्का अलूम आजी नातीला घेऊन आल्या. प्रॉस्की, चार वर्षांची. कोणाच्या तरी सायकलवर मागे बसून, पोरीला छातीशी धरून. पोरीला झटके येत होते. तळहात कागदासारखे पांढरे. मी बोटातून रक्त घेतलं तेव्हा ती रडली नाही. काचपट्टीवर जंतू इतके होते की मी मोजणं मध्येच सोडलं. तिला रक्त चढवायला हवं होतं आणि आमच्याकडे रक्त नव्हतं. सुई देऊन तिला मोठ्या इस्पितळाकडे रवाना केलं. वाटेतच ती गेली.

त्या महिन्यात अब्वोंगची तीन मुलं गेली. चिठ्ठी वेळेवर गेली असती तर तिघंही वाचली असती का? मला माहीत नाही. कोणालाच माहीत होणार नाही. ही न कळण्याची शिक्षा मी कमावलेली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

त्याच मंगळवारी दुपारी डोरकास प्रयोगशाळेत आली. मला काही न विचारता तिने नोंदवही ओढून घेतली आणि उभ्या उभ्या वाचली. अब्वोंगच्या ओळीवर तिचं बोट फिरत होतं.

"हे कधीपासून दिसतंय तुला?"

"तीन आठवडे."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"काम फार..."

"काम माझ्याकडेही होतं. मी दोनदा दारात आले, ओगवाल."

ती ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली नाही. नोंदवही मिटून म्हणाली, "कोट काढ. बूट घाल. माझ्याबरोबर चल."

नऊ दिवस आम्ही अब्वोंगमध्ये घरोघर फिरलो. लोक तिला बसायला स्टूल द्यायचे, पाणी द्यायचे. मी दारात उभा. खोटं कशाला सांगू, तशा दिवसांतही मला त्या स्टुलाचा हेवा वाटला. माणसाचं मन किती खाली जाऊ शकतं ते मला त्या नऊ दिवसांत कळलं.

पण महत्त्वाचं हे, आणि कृपा करून हे नीट ऐका. अब्वोंगमध्ये सेहेचाळीस घरं. अडतीस घरांत मच्छरदाण्या टांगलेल्या होत्या. अडतीस. मी स्वतः मोजल्या, यादी केली. मिल्का आजींच्या घरीही गेलो. प्रॉस्कीच्या बिछान्यावरची मच्छरदाणी अजून तशीच होती. फाटली होती तिथे दोन जागी लाल दोऱ्याने टाचलेली.

मग ताप का पेटला? मच्छरदाण्या चार वर्षांच्या जुन्या होत्या. धुऊन धुऊन त्यांच्यातलं औषध गेलेलं, आणि जे उरलं होतं त्याने डास मरत नव्हते. डोरकासने डास पकडून काचेच्या नळीत घातले, जाळीचा तुकडा आत ठेवला. तासाभराने डास मजेत उडत होते. त्यात घरांच्या भिंतींवरची फवारणी आदल्या वर्षीच बंद झाली होती. अब्वोंगच्या लोकांनी सांगितलेलं सगळं केलं होतं. त्यांना दिलेलं औषधच थकलं होतं. डोरकासने अहवाल पाठवला, पाठीमागे लागली, पाच आठवड्यांनी नव्या औषधाच्या मच्छरदाण्या आल्या आणि आकडे खाली आले.

त्या पाच आठवड्यांत एक बैठक झाली. तेव्हाचे वरिष्ठ आता इथे नाहीत, त्यांचं नाव घेत नाही. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "अब्वोंगचे लोक मच्छरदाण्यांत मासे वाळवतात. मग पोरं मरतील नाही तर काय?"

डोरकास त्या बैठकीला नव्हती, ती अब्वोंगमध्येच गरोदर बायकांना डोस देत होती. मी होतो. अडतीस घरांची यादी माझ्या खिशात होती. उठून वाचली असती तर दोन मिनिटं लागली असती. पण मग कोणीतरी विचारलं असतं की ताप वाढायला लागला कधी, आणि तुम्हाला कळलं कधी? म्हणून मी बसून राहिलो.

डोरकासच्या अहवालात खरं लिहिलेलं होतं. अहवाल फायलीत गेला आणि वरिष्ठांचं वाक्य बाजारात गेलं. पुढे काय झालं ते तुम्हीच जाणता. बाजारात अब्वोंगच्या बायकांना कोण विचारायचं, "काय गं, आज मासे आणलेस की मच्छरदाणी?" तुम्ही विचारायचात. मीही ऐकून हसलो आहे.

तुम्ही मला कधी काही चांगलं म्हणत असाल तर ते प्रयोगशाळेबाहेरच्या फळ्याबद्दल. दर शुक्रवारी मी खडूने त्यावर अकरा गावांचे आकडे लिहितो, येणारा-जाणारा कोणीही वाचतो, शाळेतली मुलं वहीत उतरवून गावात नेतात. त्यासाठी जिल्ह्याने मला प्रशस्तिपत्र दिलं, माझ्या आयुष्यातलं एकुलतं एक. तो फळा माझी कल्पना नव्हती. ती डोरकासची अट होती. त्या मंगळवारी चालता चालता ती म्हणाली होती, "यापुढे आकडे तुझ्या खणात राहणार नाहीत. बाहेर भिंतीवर राहतील. तुझा मूड कसा आहे यावर कोणाचं पोर अवलंबून राहता कामा नये."

तिने कोणालाच काही सांगितलं नाही. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की हा तिचा मोठेपणा, आणि त्या मोठेपणाचाही मला हेवा वाटायचा. गेल्या महिन्यात तिच्या निवृत्तीची तारीख निघाली तेव्हा मी धीर करून विचारलं.

"डोरकास, तू माझं नाव का सांगितलं नाहीस?"

ती चहा गाळत होती. म्हणाली, "सांगितलं असतं तर तुला काढलं असतं. दुसरा माणूस यायला वर्ष लागलं असतं. वर्षभर काचपट्ट्या कोण वाचणार होतं? मला तुझे डोळे हवे होते."

"म्हणजे तू मला माफ केलं होतंस..."

"मी कुठे तसं म्हटलं? मी तुला माफ केलेलं नाही, ओगवाल. साखर किती घालू?"

तिने साखर घातली, मी चहा पिता पिता बैठकीचं आणि खिशातल्या यादीचंही सांगितलं. मग ती म्हणाली, "बैठकीतलं मला फार उशिरा कळलं. यादी तुझ्या खिशात होती, हे तर आत्ता तुझ्या तोंडून कळतंय. माझ्याकडे काय मागतोस? अब्वोंगला जा."

गेल्या रविवारी गेलो. मिल्का आजी अंगणात तीळ पाखडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तीन शुक्रवार, बैठक, यादी. आजींचं सूप थांबलं नाही. सांगून संपल्यावर म्हणाल्या, "प्रॉस्कीची मच्छरदाणी मी खोचायची. गादीखाली, चारी बाजूंनी. लोक म्हणाले आम्ही त्यात मासे वाळवले. माझ्या सुनेने ते ऐकलं आणि मला विचारलं, आई, खरं सांगा, त्या दिवसांत खोचत होतात ना? मी हो म्हटलं. तिने मान हलवली. वर्षभराने कंपालाला गेली, ती सणालाही आली नाही."

मी म्हटलं, "आजी, मला माफ करा."

"ते मी बघेन, माझ्या सवडीने. तू आधी हे सांग. इथे माझ्या अंगणात नको. सगळे जमतील तिथे सांग."

म्हणून आज सांगितलं. हा डोरकासचा दिवस मी नासवला असं कोणाला वाटेल. मी तिला आधी विचारलं होतं. ती म्हणाली, "कौतुकापेक्षा ते बरं. फक्त गोळ्यांचं विसरू नकोस."

मिल्का आजी तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या हातात फोन आहे आणि पलीकडे कंपालाहून त्यांची सून एस्तेर ऐकते आहे. एस्तेर, मी जोएल ओगवाल, वांगनामचा रक्तवाला. प्रॉस्की गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुझ्या घरात गेलो होतो. मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि माझे डोळे चांगले आहेत. तुझ्या सासूने काही चुकवलं नव्हतं. चुकवलं ते मी.

अध्यक्षमहोदय, आपण एकदाही घड्याळ पाहिलं नाहीत, आभारी आहे. डॉ. अचेन, माझी नोंदवही आणि ती यादी मी आपल्या टेबलावर ठेवली आहे. आपण जो निर्णय घ्याल तो मला मान्य असेल. सभागृह देणाऱ्या शाळेचे, स्वयंपाक करणाऱ्या बायकांचे आणि इतका वेळ शांत राहिलेल्या आपणा सर्वांचे आभार. डोरकास, तुझ्या कामाचे आभार मानायला माझ्याजवळ शब्द आहेत, पण अजून हेवा त्यांच्यामधून पुरता गेलेला नाही, म्हणून आज ते देत नाही.

भाषण संपवताना वक्ते म्हणतात की बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पदरात घ्यावं. बोलताना आज मी फारसं उणं ठेवलेलं नाही. जे ठेवलं ते नऊ वर्षांपूर्वी ठेवलं, आणि त्याची क्षमा मी अब्वोंगकडे मागतो. मिळालीच पाहिजे असं नाही.

मी आता खाली बसतो. हा माइक मी बंद करत नाही. अब्वोंगच्या कोणाला काही बोलायचं असेल, तर त्यांचं झाल्यावरच जेवणाच्या पंक्ती मांडाव्यात, एवढी विनंती.